गव्हाविना कोंडा

वर्षालीचं डोकं यापुढे आपणच धुवायचं, असं सूर्यभान तायडेनं दिवाळीनंतरच्या एका रविवारी ठरवलं. निर्णय तसा लहान होता. त्याला कोणाची मंजुरी लागत नव्हती, आणि मंजुरी न लागणारं काम पाटबंधारे खात्यातल्या लिपिकाच्या वाट्याला आयुष्यात कितीसं येतं? त्यामुळे त्यानं ते जरा जास्तच मनावर घेतलं.

घर अमरावतीला, कठोरा रोडवर. बायको पौर्णिमा मोझरीच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका. सकाळी साडेसहाच्या एस.टी.नं जायची ती संध्याकाळीच उगवायची. म्हणून नऊ वर्षांच्या वर्षालीचा डबा भरणं, वेणी घालणं आणि तिला शाळेत सोडणं ही खाती आधीपासून सूर्यभानकडेच होती. (वेणी तो घालायचा, फक्त ती वेणी आहे हे सांगावं लागायचं.) डोकं धुण्याचं खातं तेवढं पौर्णिमेकडे उरलं होतं. तेही त्यानं ओढून घेतलं.

कारण कोंडा.

आता ह्या कोंड्याची गोष्ट दोन वर्षं मागून सांगावी लागते. वर्षाली तेव्हा सात वर्षांची होती आणि पाचाची दिसायची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय तुरीच्या काड्या. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं, रक्त वाढत नव्हतं. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, सगळ्या नातेवाइकांच्या दृष्टी उतरवून झाल्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, हा सिलिअॅक. गव्हातला चिकट भाग हिच्या आतड्याला सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, सगळं बंद. किती दिवस? जन्मभर.

ऑफिसात ही बातमी सांगितली तेव्हा शेजारच्या टेबलावरचे नत्थुजी कानाला हात लावून म्हणाले, "काय झालं म्हनता पोरीले?"

"सिलिअॅक."

"शिल्लक? काय शिल्लक रायलं?"

"शिल्लक नाई हो, सिलिअॅक! गहू चालत नाई तिले."

"हात्तिच्या. मंग आपल्याकडं ज्वारी काय पाखरायसाठी पेरतेत?"

नत्थुजींचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्वारीची भाकर, भात, भगर यांवर वर्षाली सहा महिन्यांत उभी राहिली. गालावर मांस आलं, फ्रॉक आखूड झाले. वर्गात कोणाचा वाढदिवस असला की केक पुढे यायच्या आधीच ती "मले नाई चालत" म्हणायला शिकली. सात वर्षांच्या पोरीला इतक्या सहज म्हणता येऊ नये असं ते वाक्य होतं. ती म्हणायची, आणि पाण्याची बाटली उघडून पाणी पीत बसायची.

पोट बरं झालं. डोकं मात्र तसंच राहिलं. टाळूवर, कपाळाच्या कडेला, कानामागे जाड पांढऱ्या खपल्या धरायच्या आणि शाळेच्या निळ्याशार स्वेटरवर पडायच्या. दिवाळीनंतर ते फारच वाढलं. वर्गशिक्षिकेनं वहीत चिठ्ठी पाठवली, "पाल्याच्या डोक्यातील उवांची तपासणी करावी." उवा नव्हत्या. पण शेजारी बसणाऱ्या शालूच्या आईनं शाळेत जाऊन शालूची जागा बदलून घेतली. वर्षालीनं घरी येऊन यातलं काहीच सांगितलं नाही. फक्त डोक्याला बांधायला रुमाल मागितला. म्हणाली, थंडी वाजते. घरात तेव्हा पंखा सुरू होता.

त्या दिवशी जेवताना सूर्यभाननं आपला सिद्धांत मांडला.

"पौर्णिमा, कोंडा कशाचा असते?"

"डोक्याचा."

"मुळात कशाचा असते?"

"अहो, मले चाळीस वह्या तपासाच्या हायेत."

"गव्हाचा!" सूर्यभान भाकरीचा तुकडा उंच धरून म्हणाला. "गव्हाचाच कोंडा असते. म्हनजे पोटात कुठून तरी गहू जाऊन राहिला, अन् डोक्यातून कोंडा बाहेर येऊन राहिला. गव्हाविना कोंडा येईन कुठून?"

पौर्णिमेनं लाल पेन खाली ठेवलं. "शब्दावरून रोग वळखता काय तुमी? असं असतं तं मोतीबिंदूतून मोती निघाले असते. कातडीच्या डॉक्टरले दाखवू तिले. मी नाव आनलं हाये."

"दाखवू. आधी घरचा तपास तं पुरा होऊ दे."

(सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा तपास कधी पुरा होत नसतो, हे पौर्णिमेला माहीत असायला हवं होतं. पण चाळीस वह्या होत्या.)

तर असा तपास सुरू झाला. पहिल्या रविवारी सूर्यभाननं शाम्पूच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं भिंगातून वाचली, त्यात गव्हाचा काहीतरी अंश सापडला आणि तो ओरडलाच. बाटली कचऱ्यात गेली. मग लिंबू आलं. मग आंबट दही. मग वाटलेली मेथी, मग कडुनिंबाचा काढा. ह्या सगळ्यांच्या आधी उवांची बारीक फणी. वर्षालीला मोरीत पाटावर बसवायचं, पुढ्यात जुना पेपर पसरायचा आणि फणीनं टाळू अशी खरवडायची की खपल्या पेपरावर टपटप पडल्या पाहिजेत. पेपर भरला की सूर्यभानला काम झाल्यासारखं वाटायचं.

वर्षाली बादलीची कडा दोन्ही हातांनी धरून बसायची.

"पप्पा, आग होते."

"आग होऊन राहिली म्हनजे औषध लागू पडून राहिलं, बेटा."

रविवारी संध्याकाळी डोकं झाडलेल्या अंगणासारखं साफ दिसायचं. गुरुवारपर्यंत आधीपेक्षा जाड थर. सूर्यभानला वाटे, कुठेतरी गव्हाचा साठा आहे.

साठा कुठे आहे ते त्याला जानेवारीत कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. महिन्यातून एकदा तिघं अकोल्याला, मोठ्या उमरीत, पौर्णिमेच्या माहेरी जात. तिथे सासूबाई सुंदराबाई आणि मेहुणा किशोर राहायचे. सूर्यभानच्या लक्षात आलं की अकोल्याहून परत आलं की आठवड्याभरात पोरीचं डोकं हमखास चिघळतं. नोव्हेंबरात झालं, डिसेंबरात झालं, जानेवारीच्या सुरुवातीला झालं. तीन वेळा घडलं म्हणजे तो पुरावा.

"गहू अकोल्यात हाये," तो पौर्णिमेला म्हणाला.

"सगळ्याच गावात असते."

"तुह्या आईच्या हातात हाये, असं म्हनून राहिलो मी. लाडानं चारत असन. म्हाताऱ्या मानसायले वाटते, एका घासानं काय होते."

पौर्णिमा म्हणाली, "हे माह्यापुढं बोलले ते बोलले. आईपुढं बोलू नका."

तो बोलला नाही. त्यानं फोन करून फक्त एवढंच सांगितलं की पोरगी तिकडे आली की तिच्या डोक्याला तेल लावत जाऊ नका. सुंदराबाई दर खेपेला वर्षालीला मांडीशी घेऊन खोबरेल तेल जिरवायच्या, आणि तेलामुळे पुरावा बुजतो असं त्याचं म्हणणं पडलं.

"काहून जवाईबापू? तेलानं काय होते?" पलीकडून सुंदराबाई म्हणाल्या.

"तपास चालू हाये, आई."

"बरं बाप्पा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जानेवारीच्या शेवटी किशोरचं लग्न जमलं. मुलगी हिवरखेडची, नाव भावना. तिच्याकडची पंचवीस-तीस माणसं घर पाहायला येणार होती, आणि सुंदराबाईंनी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर रोडग्यांचं जेवण धरलं होतं. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले, आणि सोबत वांग्याची भाजी. वऱ्हाडातल्या माणसाला स्वर्गात हे मिळालं नाही तर तो परत येईल. आणि त्यात गव्हाशिवाय काही नाही.

जायच्या आदल्या दिवशी सूर्यभाननं वर्षालीचं डोकं जास्तच जोर लावून खरवडलं. पाहुण्यांपुढे पोरगी साफ दिसली पाहिजे. त्या दिवशी पेपरावर खपल्यांबरोबर दोन-चार लाल ठिपके पडले. ते पाहून तो क्षणभर थांबला, आणि मग त्यानं पेपर घडी घालून टाकून दिला.

सकाळी निघताना पौर्णिमा म्हणाली, "आज कोनाले काई बोलू नका."

"मी बोलत नाई. मी फक्त पायतो."

अकोल्यात तो खरंच फक्त पाहत होता. भावनाचे काका खुशालराव त्याच्या शेजारी येऊन बसले. जावई पाटबंधारे खात्यात आहे हे कळल्यावर वऱ्हाडातला शेतकरी जे विचारील तेच त्यांनी विचारलं. "आमच्या इकडं कालव्याचं पानी कवा सोडतेत साहेब?"

"हो," सूर्यभान म्हणाला. त्याची नजर सासूबाईंवर होती.

"कवा?"

"हो हो."

इतक्यात सुंदराबाई उठल्या. त्यांनी वर्षालीला खूण केली आणि तिचा हात धरून न्हाणीच्या आडोशाला गेल्या. तिकडे वेगळा बारीक धूर निघत होता. सूर्यभान ताठ झाला. "आलोच," म्हणून तो उठला आणि दबकत भिंतीच्या कडेनं निघाला. कालव्याची तारीख अजून न मिळालेले खुशालरावही त्याच्यामागे निघाले.

आडोशाला तीन-चार गोवऱ्यांचा लहानसा आर होता. सुंदराबाईंनी राखेतून एक रोडगा काढला, पदरानं झटकला, तुपाच्या वाटीत बुडवला, आणि पहिला घास वर्षालीच्या तोंडात घातला. वर्षालीनं डोळे मिटले होते.

"थुक!" सूर्यभान ओरडला. "आधी थुक!"

पुढचं फार लवकर झालं. त्यानं झेप घेतली, एका हातानं सुंदराबाईंच्या हातातला रोडगा हिसकून कुंपणापलीकडे भिरकावला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं पोरीच्या तोंडात घातली. तुपाची वाटी उडाली ती मागून येणाऱ्या खुशालरावांच्या धुतल्या धोतरावर. कुंपणापलीकडे एका कुत्र्यानं रोडगा उचलला आणि निवांत खायला बसला.

"तीन महिन्यापासून शोधून राहिलो मी!" तो म्हणाला. आता तिथे सगळे गोळा झाले होते. "तीन महिन्यापासून! आज सापडल्या! पोरीचं आतडं सडून जाईन, समजते काय तुमाले? तुमाले नातीपेक्षा गहू मोठा झाला?"

आरातली एक गोवरी ढासळली.

सुंदराबाई म्हणाल्या, "जवाईबापू, पोरीच्या तोंडातून हात तं काढा."

त्यानं हात काढला. वर्षालीचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "पप्पा, तो ज्वारीचा होता."

"ज्वारीचा रोडगा होत नाई," सूर्यभान म्हणाला. पण आवाज आधीच खाली आला होता.

"होत नाईच," किशोर पुढे येऊन म्हणाला. "फुटते. ज्वारीले चिकटा नसते. आईनं सकायपासून सात फोडले भाऊजी, आठवा जमला. कनकेचा हात लागू नये म्हनून आर वेगळा केला, परात वेगळी घेतली. गिरनीत आधी गहू दळलेला असते म्हनून दोन वर्सं झाले, हिच्यासाठी जात्यावर दळते आई. तुमाले माईत नाई?"

सूर्यभाननं पौर्णिमेकडे पाहिलं.

"मी सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमी तवा शाम्पूची बाटली वाचून राहिले होते."

इथेच सगळं संपलं असतं तरी पुरे झालं असतं. पण त्या झटापटीत वर्षालीचा रुमाल सुटून पडला होता. ते आधी भावनाच्या आईनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मग सगळ्यांनीच पाहिलं. कपाळापासून मागपर्यंत टाळू लाल झाली होती आणि तिच्यावर फणीच्या दातांच्या रेघा होत्या, काही सुकलेल्या, काही कालच्या. सुंदराबाई वाकल्या आणि बोट न लावता जवळून पाहत राहिल्या.

"हे कोनं केलं?"

वर्षालीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि ती खाली बसली.

सुंदराबाईंनी आपला पदर तिच्या डोक्यावर टाकला, तिला घरात पौर्णिमेजवळ नेऊन बसवलं आणि पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी हसून आग्रह केला. वर्षालीसाठी दुसरा रोडगा केला नाही. ज्वारीचं पीठ संपलं, म्हणाल्या. (त्या दिवशी सूर्यभाननं पाच रोडगे खाल्ले. भूक नव्हती, पण ताटावर बसलं की खाली पाहता येतं.)

परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूर गेल्यावर वर्षाली खिडकीबाहेर पाहत पौर्णिमेला म्हणाली, "आई, माहे सगळे केस काढून टाक. टक्कल कर मले."

"काहून गं?"

"मंग पप्पाले काई शोधा लागनार नाई."

सूर्यभान मागच्या सीटवर होता. त्याला ऐकू गेलं.

दोन दिवसांनी पौर्णिमेनं शाळेतून रजा घेतली आणि पोरीला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. सूर्यभानला कोणी ये म्हटलं नव्हतं. तो मागोमाग गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलायच्या. त्यांनी टाळू पाहिली, एक-दोन खपल्या अलगद काढून तपासायला दिल्या, गव्हाची रक्ततपासणीही करून घेतली आणि रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावलं.

"रक्ताचा रिपोर्ट उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मुलीच्या पोटात गहू जात नाहीये. कुठूनही नाही. इतकं काटेकोर पथ्य मी फार कमी घरांत पाहिलंय. कोण सांभाळतं?"

"हिची आजी अन् मी," पौर्णिमा म्हणाली.

"मंग कोंडा?" सूर्यभाननं विचारलं.

"हा कोंडा नाही, हा टाळूचा सोरायसिस आहे. संसर्ग असेल का ते पाहिलं, तसा काही नाही. सिलिअॅक असलेल्या काही मुलांना जोडीला असे त्वचेचे त्रास असतात. पण म्हणून डोक्यावरचं सगळं गव्हाचंच असतं असं नाही. थंडीत हा वाढतो. आणि सगळ्यात जास्त वाढतो तो खाजवल्यानं, खरवडल्यानं. कातडीला इजा झाली की तिथे नवा चट्टा येतो." मग त्यांनी पेन उचललं. "आतापर्यंत डोक्याला काय काय लावलं?"

सूर्यभान बोटांवर मोजू लागला. "लिंबू. दही. मेथी. कडुनिंब. तुरटीचं पानी. एकदा चुलीतली राख."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "आणि औषध?"

"औषध नाई."

"आणि खपल्या?"

"फणीनं. दर रविवारी. अन् अकोल्याले जायच्या आधी जरा जास्त."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि पौर्णिमेनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पाटबंधारे खात्याच्या माणसालासुद्धा एवढं कळत होतं. अकोल्याहून परतल्यावर डोकं चिघळत होतं ते अकोल्यामुळे नाही. अकोल्याला जायच्या आधी त्यानं स्वतः जे केलं होतं त्यामुळे. तीन महिने तो ज्याच्या मागावर होता, तो आरोपी रोज त्याच्याच चपला घालून ऑफिसात जात होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते साधं होतं. औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं तसाच ठेवून मग धुवायचा. लोशन फक्त चट्ट्यांवर, आणि त्या सांगतील तेवढेच दिवस. फणी बंद, नख बंद, लिंबू बंद. "आणि धुण्याच्या तासभर आधी साधं खोबरेल तेल हलक्या हातानं लावा. त्यानं खपल्या मऊ होऊन आपोआप सुटतात."

"ते आजी लावत होती," वर्षाली पहिल्यांदाच बोलली. "पप्पानं बंद केलं."

"मग आजीला सांग, सुरू करा म्हणून. आणि केस काढायची काही गरज नाही, बरं का. शाळेसाठी मी चिठ्ठी देते की हे एकमेकांना लागत नाही."

"पन हे जाईन ना पुरतं?" सूर्यभाननं विचारलं.

"कमी होईल. परत येईल. पुढच्या थंडीत पुन्हा डोकं वर काढील. हा सांभाळायचा आजार आहे, हिच्या पथ्यासारखाच."

सूर्यभानला बंद होणाऱ्या फायली आवडायच्या. आता घरात दोन अशा फायली होत्या ज्या कधीच बंद होणार नव्हत्या, आणि दोन्हींवर नऊ वर्षांच्या पोरीचं नाव होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यानं तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं त्या बाजूच्या हातात पाण्याची बाटली घेतली.

पुढच्या शनिवारी तो एकटाच अकोल्याला गेला. बडनेऱ्यापासून उमरीपर्यंत त्यानं मनात माफीचा मसुदा केला, खोडला, पुन्हा केला. सुंदराबाई ओसरीत सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"आई, चुकलं माहं."

"बसा. चहा ठेवते."

"मले समजलं नाई. मले वाटलं..."

"खडे निवडू लागा," म्हणून त्यांनी सूप त्याच्याकडे सरकवलं.

तो निवडू लागला. मग त्या म्हणाल्या, "पोट्टी पयल्यानं दवाखान्यात होती तवा तुमी जिन्यात बसून रडले होते. मी पायलं होतं. म्हनून त्या दिवशी पाव्हण्यायपुढं तुमाले काई बोलली नाई. भेवानं मानूस येडा-बयाड होते, हे मले समजते." त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "पन दोन वर्सानं रोडगा खाल्ला होता तिनं. घास तोंडात होता, जवाईबापू."

सूर्यभान ज्वारीत बोटं फिरवत राहिला.

"डॉक्टरनं तेल लावा म्हनून सांगतलं, आई. तुमीच लावा."

सुंदराबाईंनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "आता माह्याच हाताले भेव वाटते. तिले दुखलं बिखलं तं?" मग उठता उठता म्हणाल्या, "आना तिले. पाहू."

वर्षालीला नेलं. पहिल्या खेपेला सुंदराबाईंनी तेलाचं बोट तिच्या टाळूला लावलं आणि दोघीही श्वास रोखून बसल्या. आग झाली नाही. मग हळूहळू आजीचा हात पूर्वीसारखा फिरू लागला. रोडग्याचा विषय मात्र दोघींनीही पुन्हा काढला नाही.

अमरावतीच्या घरी डोकं धुण्याचं खातं पौर्णिमेकडे परत गेलं. सूर्यभानला त्यात एकच काम उरलं, मोरीच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि पाच मिनिटं झाली की सांगायचं. (दाराच्या आत यायची परवानगी नव्हती. त्यानं एकदा विचारून पाहिलं होतं.) फेब्रुवारीभर वर्षाली बापाशी जे काही बोलली ते एवढंच:

"झाले काय पाच मिनिटं?"

"एक मिनिट रायलं, बेटा."

आणि ते एक मिनिट तो कधी कधी सव्वा मिनिट करायचा, कारण आतून तिचा आवाज आणखी एकदा यायचा, "झाले काय?"

खपल्या कमी झाल्या. पुरत्या गेल्या नाहीत. कानामागे एक चट्टा हट्टानं राहिला. पण रेघा भरून आल्या, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी वर्षाली रुमाल न बांधता शाळेत गेली. सूर्यभाननं तिला फाटकापाशी सोडलं आणि ती आत जाईपर्यंत तो गाडी बंद करून उभा राहिला. ऑफिसला त्या दिवशी उशीर झाला.

त्या संध्याकाळी जेवताना वर्षाली आपणहून बोलली. त्याच्याकडे पाहून. सूर्यभाननं भाकर खाली ठेवली.

"आज शालू माह्या बाजूले येऊन बसली," ती म्हणाली. "अन् बाईनं माहं डोकं पायलं. म्हने, किती छान झालं, काय औषध केलं?"

"मंग तू काय सांगतलं?" सूर्यभाननं विचारलं. काही नाही तरी पाच मिनिटांच्या घड्याळाचा उल्लेख झाला असेल, असं त्याला उगाच वाटून गेलं.

"मी सांगतलं, आधी गहू बंद केला तं पोट बरं झालं. मंग पप्पाले बंद केलं तं डोकं."

पौर्णिमेनं मान ताटात घातली. तिचे खांदे हलत होते.

"अन् बाई काय म्हने?" सूर्यभाननं क्षीणपणे विचारलं.

"बाई म्हने, मीबी माह्या घरी करून पायते."